मोटारसायकलच्या मागे पेटी बसवताना पेटीआधी कॅरिअरचा विचार करावा

काटेवाला

नमस्कार. मी पुण्यात वजनकाट्यांची दुरुस्ती आणि तपासणी करतो. भोसरी, चाकण, शिरवळ आणि अधूनमधून भोरपर्यंतची किराणा दुकाने, दूध संकलन केंद्रे आणि लहान कारखाने ही माझी गिऱ्हाइके असल्यामुळे आठवड्यातले सहा दिवस गाडीवरच जातात. हत्यारांची पिशवी, मल्टिमीटर, लोडसेलचे, म्हणजे काट्यातल्या वजन मोजणाऱ्या भागाचे, दोन-तीन सुटे नग आणि तपासणीची एकूण ५ किलोची वजने एवढे सामान मी बरीच वर्षे मागच्या सीटवर रबरी दोरीने बांधून नेत असे. दोन पावसाळ्यांपूर्वी माझ्या रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० ला ४५ लिटरची पेटी बसवून घेतली आणि सामान भिजण्याची चिंता मिटली. गेल्या महिन्यात मात्र त्या पेटीखालचे कॅरिअर तुटता तुटता राहिले, म्हणून हा धागा काढत आहे.

शिरवळहून परत येत होतो. कात्रजचा नवा बोगदा ओलांडून नवले पुलाकडच्या उतारावर लागलो, तेव्हा रस्त्याच्या प्रत्येक सांध्यावर मागून एक बारीक ‘टक्’ ऐकू येऊ लागले. आतली हत्यारे एकमेकांवर आपटत असतील असे वाटले. घरी आल्यावर पेटी उघडून सगळे सामान काढले, तरी पेटी हाताने दाबली की तोच आवाज येत होता. मग खाली वाकून बॅटरीच्या उजेडात पाहिले. कॅरिअरची पट्टी जिथे आडव्या नळीला वेल्ड केली होती, त्या सांध्याच्या कडेला काळ्या रंगावर केसाएवढी रेघ होती आणि तिच्यातून गंजाचा तांबूस ओघळ आलेला होता. पेटी वर उचलली की रेघ मिटत होती आणि सोडली की नखाची कड आत जाईल इतकी उघडत होती. ओघळ वाळून कडक झालेला होता, म्हणजे चीर त्या दिवसाची नव्हती. काही आठवडे तरी मी तशीच गाडी चालवत होतो. मागून ट्रक येत असताना ती पेटी रस्त्यावर पडली असती, तर काय झाले असते हा विचार अजून मनातून जात नाही.

माझा धंदाच वजनाचा असल्यामुळे दुसऱ्या दिवशी सगळे सोडवून काट्यावर ठेवले. रिकामी पेटी ४ किलो २०० ग्रॅम, कॅरिअर २ किलो ८०० ग्रॅम आणि आतले सामान बरोबर ८ किलो भरले. पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवलेल्या पट्टीवर ‘कमाल भार ५ किलो’ असे स्पष्ट लिहिलेले होते. मी ती पट्टी दोन वर्षांत एकदाही वाचली नव्हती. ती चूक माझी आहे.

परंतु चूक केवळ ३ किलोच्या जादा भाराची नव्हती, हे हिशेब मांडल्यावर लक्षात आले. ज्या दुकानात कॅरिअर बसवले, तिथे ते मूळ ग्रॅब रेलच्या, म्हणजे मागे बसणाऱ्याने धरायच्या दांडीच्या, दोन बोल्टच्या जोडांवर अडकवून दिले होते. पुढचा आणि मागचा जोड यांत केवळ ८० मिमी अंतर होते आणि मागच्या जोडापासून पेटीचा मध्य ३०० मिमी मागे लोंबत होता. तराजूच्या दांडीचाच हा नियम आहे. पेटी आणि सामान मिळून १२.२ किलो, त्याला ३०० ने गुणून ८० ने भागले, तर पुढच्या जोडाला वरच्या दिशेने सुमारे ४६ किलोची ओढ बसते, आणि हे गाडी स्टँडवर उभी असताना. गतिरोधकावरून चाक आपटते तेव्हा हाच आकडा क्षणभर दुप्पट-तिप्पट होतो आणि पुण्यात घरापासून कामापर्यंत असे क्षण किती येतात हे सर्वांना ठाऊक आहे. तेच दोन जोड एकमेकांपासून २०० मिमीवर असते, तर तेवढ्याच भाराला ओढ साधारण १८ किलोवर आली असती.

माझे म्हणणे इतकेच आहे की आपण पेटी निवडताना लिटर, रंग, कुलूप आणि मागची लाल पट्टी पाहतो. पण सगळा भार ज्याच्यावर टेकतो ते कॅरिअर दुकानदार देईल ते घेतो. नवे कॅरिअर करून घ्यायचे आहे. ज्यांनी केले आहे त्यांनी अनुभव सांगावेत.

भोसरी जॉबवर्क

काटेवाला साहेब, हिशेब अगदी बरोबर आहे. माझे भोसरीत फॅब्रिकेशनचे लहानसे युनिट आहे आणि तुटलेली कॅरिअर महिन्यातून दोन-तीन तरी येतात. त्यांतली बहुतेक तुम्ही वर्णन केलेल्या जागीच, म्हणजे वेल्डिंगच्या सांध्याच्या कडेला गेलेली असतात. तिथे तापून थंड झालेले लोखंड आणि मूळ लोखंड यांची सीमा असते, सांध्याचा आकारही तिथे एकदम बदलतो, त्यामुळे ताण तिथे एकवटतो. एका मोठ्या झटक्याने सहसा तुटत नाही; लहान लहान हिसक्यांनी हजारो वेळा वाकून धातू थकतो आणि मग चीर पडते. त्यात सांधा दिसायला सफाईदार व्हावा म्हणून काही जण त्यावर ग्राइंडर फिरवून तो सपाट करतात आणि नेमका भार घेणारा धातूच घासून टाकतात. वेल्डिंग थोडे ओबडधोबड दिसले तरी चालेल, ते खोलवर गेलेले असले पाहिजे.

नवे करून घेणार असाल तर नळी १६ गेजची, म्हणजे १.६ मिमी जाडीची घ्या आणि वरची पाटी ३ मिमीची. जिथे नळी वळते किंवा पट्टी काटकोनात येते, तिथे कोपऱ्यात त्रिकोणी तुकडा भरून घ्या. या तुकड्याने कॅरिअरचे वजन शंभर-दीडशे ग्रॅमने वाढेल, पण आयुष्य कितीतरी वाढेल. दोन्ही बाजूंना एकेक तिरकी टेकणी खाली उतरवून ती मागच्या शॉकअपच्या वरच्या बोल्टजवळ चॅसीला मिळवली, तर भार ग्रॅब रेलवर न राहता थेट चॅसीवर जातो. मात्र चॅसीला स्वतःला वेल्डिंग करू देऊ नका. कोणी कितीही आग्रह केला तरी आधीची भोके आणि आधीचे बोल्ट एवढेच वापरा.

जुने कॅरिअर चिरेवर वेल्डिंग करून पुन्हा वापरण्याचा विचार असेल तर तो सोडून द्या. शेजारचा भागही तितकाच थकलेला असतो आणि नवी चीर बोटभर अंतरावर येते.

सायंफेरी

काटेवाला दादा, तुमचा धागा वाचून मी लगेच खाली जाऊन माझ्या गाडीचे कॅरिअर पाहून आले. ते सध्या ठीक आहे, पण एक बोल्ट हाताने फिरत होता. धन्यवाद.

एक मुद्दा मांडते. तुमच्या हिशेबाप्रमाणे पेटी जितकी पुढे तितके चांगले, हे पटते. मी मात्र आठवड्यातून दोनदा आईला मागे बसवून दवाखान्यात नेते. आमची पेटी आधी फार पुढे बसवली होती, त्यामुळे आईला बसायला जागाच उरत नसे. ती मला टाकीवर ढकलत असे आणि मला ब्रेकच्या पायावर नीट जोर देता येत नसे. पेटी ७० मिमी मागे सरकवल्यावर दोघींना सुटसुटीत बसता आले. म्हणून मागे माणूस बसणार असेल, तर आधी त्या माणसाला गाडीवर बसवावे, पाठ आणि पेटी यांच्यामध्ये चार बोटांची जागा राहते का ते पाहावे आणि मगच पाटीला भोके पाडावीत. दुकानात गाडी सोडून निघून गेले की हे राहून जाते.

आणखी एक. पेटी बसल्यावर पाय मागून फिरवून बसण्याची सवय मोडावी लागते. पहिल्या आठवड्यात माझी टाच पेटीला अडकून गाडी साइड स्टँडवरून कलंडता कलंडता वाचली. मागे बसणाऱ्यांनी तर पेटीला टेकून रेलू नये, कारण पाठीमागे टेकू दिसला की माणूस नकळत सगळा भार त्यावर टाकतो. आईला हे समजावायला मला बरेच दिवस लागले.

काटेवाला

सायंफेरी ताई, हा विचार माझ्या मनात आला नव्हता, कारण मी कायम एकटाच असतो. तुमच्या परिस्थितीत पेटी मागे घेणे भाग आहे, म्हणून निदान आतले सामान हलके ठेवा आणि जड वस्तू पेटीच्या पुढच्या भिंतीला लागून ठेवा. सामान १०० मिमी पुढे सरकले तरी हिशेबात फरक पडतो. आईला काही तपासण्यांचे कागद, पाण्याची बाटली, रेनकोट एवढेच असेल तर काळजीचे कारण नाही.

भोसरीकर, टेकणीची कल्पना फार आवडली. उद्या मापे घेतो.

नियमवाचक

पेटीच्या आकाराबद्दल एक गोष्ट इथे यायला हवी. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२० मध्ये मोटारसायकलवरच्या हलक्या पेटीसाठी मापे घालून दिली आहेत. लांबी ५५० मिमी, रुंदी ५१० मिमी आणि उंची ५०० मिमी यांपेक्षा जास्त नसावी. पेटी मागच्या माणसाच्या जागेवर ठेवली असेल, तर गाडीवर चालकाव्यतिरिक्त कोणीही बसू नये. ती त्या जागेच्या मागे असेल, तर मागे माणूस बसू शकतो. बाजारातल्या ४५ लिटरच्या काही पेट्या लांबी-उंचीत बसतात, पण रुंदीला ५१० च्या पुढे जातात, कारण दोन हेल्मेट शेजारी शेजारी मावावीत म्हणून त्या आडव्या पसरट केलेल्या असतात. दुकानात जाताना टेप खिशात ठेवावा, एवढेच सुचवतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम काटेकोरपणे वाचले आहे. बोल्टने बसणारी आणि बोल्टने निघणारी पेटी ही एक गोष्ट झाली आणि चॅसी कापणे किंवा लांबवणे ही निराळी गोष्ट झाली. भोसरीकरांनी चॅसीला वेल्डिंग नको म्हटले, त्याला त्यामुळे दुहेरी कारण आहे. शिवाय नंबर प्लेट, मागचा दिवा आणि इंडिकेटर उभ्या माणसाच्या नजरेतून झाकले जाणार नाहीत, हेही पाहावे. पेटी बसवल्यावर पंधरा पावले मागे जाऊन कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगावे.

विम्याबद्दलही एक वाक्य. नंतर बसवलेल्या वस्तूंची नोंद पॉलिसीत करून घेतलेली बरी, नाहीतर नुकसान झाल्यावर त्या वस्तूंचे पैसे मागताना अडचण येते.

घाटवाटा

मी पेटी घेऊन ताम्हिणी, वरंध आणि कोकणात खूप फिरलो आहे. दुचाकींना द्रुतगती मार्गावर बंदी असल्यामुळे मुंबईकडे जातानाही जुन्या रस्त्यानेच खंडाळ्याचा घाट उतरतो. माझा अनुभव असा की पेटीचा परिणाम मागच्या चाकापेक्षा पुढच्या चाकावर आधी जाणवतो. काटेवाला साहेबांनी कॅरिअरपुरता हिशेब केला, तोच पूर्ण गाडीसाठी करून पाहावा. क्लासिक ३५० चा व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांच्या आसांमधले अंतर, १३९० मिमी आहे. त्यांचा १५ किलोचा सगळा बोजा मागच्या चाकाच्या आसापासून साधारण ३५० मिमी मागे धरला, तर पुढच्या चाकावरचे जवळजवळ पावणेचार किलो वजन कमी होते आणि मागच्या चाकावर पावणेएकोणीस किलो वाढते. म्हणजे सामान १५ किलोचे, पण मागच्या टायरला ते त्याहून जास्त भासते. पावणेचार किलो ऐकायला थोडे वाटतात, पण हँडल हलके झाल्याचे चढाच्या वळणावर स्पष्ट कळते.

वेग वाढला की याच्यात वारा मिसळतो. चालकाच्या पाठीमागे वाऱ्याचे भोवरे तयार होतात आणि रुंद पेटी त्यांच्या बरोबर मध्ये येते. ऐंशीच्या पुढे गेल्यावर गाडीचा मागचा भाग सापासारखा हळूहळू डावी-उजवीकडे डुलू लागला, तर घाबरून जोरात ब्रेक मारू नये आणि हँडल घट्ट आवळू नये. ॲक्सिलरेटर हळूहळू सोडावा, हात सैल ठेवावेत, गाडी आपोआप सरळ होते. मग थांबून सामान कमी करावे. गिवीसारखी इटालियन कंपनी, जी १९७८ मध्ये एका माजी शर्यतपटूनेच सुरू केली, तीसुद्धा आपल्या पेट्यांसह ताशी १२० किलोमीटरच्या पुढे जाऊ नका असे सांगते. आपल्याकडच्या रस्त्यांवर आणि बाजारातल्या साध्या पेट्यांसह त्याच्या बरेच खाली राहणे शहाणपणाचे.

निघण्याआधी मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच दाबून ठेवण्याचे प्रमाण, एक-दोन घरे वाढवतो आणि हवा पुस्तिकेत दोन माणसांसाठी दिलेल्या आकड्याएवढी भरतो. या दोन गोष्टींनी डुलणे निम्म्याहून कमी झाले.

पावसाळी

पाणी आत जाण्याबद्दल कोणी बोलले नाही, म्हणून लिहितो. झाकणाच्या रबरातून पाणी येते असे सगळ्यांना वाटते. माझ्या पेटीत ते तळाच्या भोकांतून येत होते. सार्वत्रिक पाटी बसवताना दुकानदाराने तळाला चार भोके पाडली होती आणि त्यांवर नुसते लोखंडी वायसर टाकले होते. मागच्या चाकाने उडवलेले पाणी नेमके तिथेच येते. प्रत्येक भोकात आधी रबरी वायसर आणि त्यावर रुंद लोखंडी वायसर घातल्यावर मागचे दोन पावसाळे तळ कोरडा आहे. झाकणाचे रबर पेट्रोलने पुसू नये, ते फुगते. ओल्या फडक्याने पुसून थोडे सिलिकॉन ग्रीस लावावे.

भोसरी जॉबवर्क

बोल्टबद्दल राहिले होते. डोक्यावर ८.८ असा ताकदीच्या वर्गाचा ठसा असलेले बोल्ट मागून घ्या. नाना पेठेत सहज मिळतात. चमकते म्हणून साधे स्टेनलेस घालण्याचा मोह होतो, पण त्याची ताकद सहसा कमी असते. नट नायलॉनच्या कड्याचा घ्या आणि तो एकदा काढला की पुन्हा तोच वापरू नका. प्लास्टिकच्या पॅनेलमधून बोल्ट जात असेल, तर बोल्टभोवती पॅनेलच्या जाडीएवढा नळीचा तुकडा बसवा, म्हणजे आवळताना प्लास्टिक चेपणार नाही आणि लोखंडावर लोखंड टेकेल. प्लास्टिक चेपले की आठवड्याभरात बोल्ट सैल होतो. सायंफेरी ताईंच्या गाडीत बहुधा हेच झाले असावे.

सायंफेरी

हो, तेच निघाले. पॅनेल बोल्टखाली वाटीसारखे खोलगट झाले होते. नळीचे तुकडे कापून घेतले आहेत.

काटेवाला

काम पूर्ण झाले, म्हणून सविस्तर लिहितो.

टेप घेऊन जुनी पेटी मोजली, तर ती ५८० मिमी रुंद निघाली. नियमवाचकांचे म्हणणे माझ्याच पेटीला लागू होते. ती विकून टाकली आणि ३२ लिटरची ४३० मिमी रुंदीची घेतली. तिच्यात एक हेल्मेट, रेनकोट, मल्टिमीटर आणि लोडसेल बसतात, आणि तेवढेच तिच्यात ठेवायचे असे आता ठरवले आहे. आतले सामान भरून काट्यावर ठेवले तेव्हा साडेतीन किलो आले आणि या पेटीवरची मर्यादाही ५ किलोच आहे.

कॅरिअर भोसरीकरांनी सांगितल्याप्रमाणे बनवून घेतले. बोल्टचे जोड २०० मिमी अंतरावर आले, कारण पुढचा जोड सीटखालच्या मूळ भोकांपर्यंत नेला. दोन्ही टेकण्या शॉकअपच्या वरच्या बाजूला मिळाल्या आहेत. मागे कोणी बसत नसल्यामुळे पेटी पुढे घेता आली आणि लोंबणारे अंतर ३०० वरून १९० मिमीवर आले. पाटीला गोल भोकांऐवजी लांबट खाचा ठेवल्या आहेत, म्हणजे कधी माणूस बसवायचा झाला तर पेटी मागे सरकवता येईल. नव्या पेटीचे वजन ३ किलो १०० ग्रॅम धरून तोच हिशेब पुन्हा केला, तर पुढच्या जोडावरची ओढ ४६ किलोवरून सव्वासहा किलोच्या आसपास आली. मी हा आकडा तीनदा तपासला.

तपासणीची वजने आणि हत्यारे मात्र पेटीत नाहीत. त्यांच्यासाठी जाड कॅनव्हासची चपटी पिशवी शिवून घेतली आहे. ती मागच्या सीटवर माझ्या पाठीला लागून, दोन पट्ट्यांनी सीटखालून आवळलेली असते. वजने त्यामुळे मागच्या आसाच्या पुढे राहतात आणि पुढच्या चाकावरचा भार कमी होत नाही. पितळी वजनांना ओरखडे पडू नयेत म्हणून आत फेल्टचे कप्पे केले आहेत, कारण वजनावर ओरखडा पडला तर वजनच बदलते.

सगळे आवळून झाल्यावर प्रत्येक नटावरून बोल्टच्या टोकापर्यंत पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली. नट जरा जरी फिरला तर रेघ मोडलेली दिसते, पाना लावून पाहावे लागत नाही. पहिल्या ३०० किलोमीटरनंतर आठपैकी एका नटावर रेघ किंचित सरकलेली आढळली, तो पुन्हा आवळून नवी रेघ ओढली. त्यानंतर भोरला तीन फेऱ्या झाल्या, आज सकाळी पाहिले तेव्हा आठही रेघा सरळ होत्या. सांध्यांच्या कडेला मुद्दाम काळ्याऐवजी पांढरा रंग लावून घेतला आहे. पुन्हा चीर आलीच, तर गंजाचा ओघळ पहिल्याच दिवशी दिसेल.

घाटवाटा

पांढऱ्या रंगाची कल्पना मी उचलतो आहे. हँडलमध्ये काही फरक जाणवला का?

काटेवाला

हो, चढावर जाणवला. खंबाटकीच्या चढाच्या वळणांवर पूर्वी हँडल हातात तरंगल्यासारखे वाटे आणि मी त्याचा दोष टायरला देत असे. टायर तोच आहे, आणि आता ते तरंगणे नाही.